नांदेड : दीड तास

परवा सकाळी एक बाई दुकानात आल्या आणि त्यांनी मोबाइल माझ्या चष्म्याला टेकेल इतका पुढे धरला. जळगाव ते वाराणसी. हवाई अंतर इतके किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास अठ्ठावीस मिनिटं. खाली नकाशा, दोन गावांमध्ये वाकलेली निळी रेघ आणि रेघेवर इवलंसं विमान.

"भाऊ, सगळं लिहिलंय, मग याचं तिकीट कुठे दिसत नाही ते?"

तिकीट दिसत नाही, कारण असं विमानच नाही. कुठल्याशा यंत्राने दोन विमानतळांमधलं अंतर काढलं, विमानाच्या वेगाने भागलं आणि उत्तर छापून टाकलं. त्या वाटेने कुणी जातं का, हे त्याला कुणी विचारलं नसावं. मी हसलो नाही. मला तो अधिकार नाही. हा उद्योग आमच्या गल्लीत इंटरनेट पोचायच्या कितीतरी आधी मी स्वतः केलेला आहे, आणि तोही वडिलांच्या जानव्याच्या सुताने.

आमचं घर बनारसच्या दुर्गाघाटावरचं. वडील भिक्षुक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं सगळी त्यांच्याकडे. मीही तेच करावं अशी अपेक्षा होती आणि मी केलंही, जेमतेम दीड वर्ष. मग एकदा मी यजमानांच्या स्वर्गवासी आजोबांच्या पिंडाला, शेजारी पाटावर बसलेल्या त्यांच्या हयात काकांचं नाव घेतलं. काका त्यानंतर उत्तम प्रकृतीने वीस वर्षं जगले, पण मला परत कुणी बोलावलं नाही. मी गल्लीच्या तोंडाशी तिकिटांचं दुकान काढलं. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मी लोकांना वर पोचवतो, हा घरी परत पाठवतो. घरात दोन्हीकडची सोय आहे."

या धंद्यात लोक दोन प्रश्न विचारतात. किती दूर आणि किती वेळ. दोन्ही ऐकायला साधे आहेत आणि दोन्हींची उत्तरं फसवी आहेत.

अंतर म्हणजे नकाशावर दोन गावांमध्ये ताणलेलं सूत. विमान तसं जात नाही, त्याला आखून दिलेले रस्ते असतात, पण ते जाऊ द्या. वेळ मात्र नीट समजून घ्या. तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान जागचं हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन उभं राहिलं तिथपर्यंत. तुमच्या दारापासून विमानतळ किती लांब आहे, तिथे दोन तास आधी का जायचं, दिल्लीला दुसऱ्या विमानाची वाट बघत लोखंडी खुर्चीवर किती बसायचं, यातलं त्यात काहीही नसतं. आमच्या बाबतीत तर बाबतपूरला, म्हणजे बनारसच्या विमानतळावर, उतरल्यावर खरा प्रवास सुरू होतो. तासभर रस्त्याची गर्दी, मग मैदागिनला गाडी सोडायची, आणि तिथून बॅग डोक्यावर घेऊन गल्लीतून चालायचं. समोरून सांड आला तर त्याची मर्जी होईपर्यंत उभं राहायचं. मुंबईहून दोन तासांत बनारसला आलो म्हणून बढाई मारणारा माणूस आमच्या दारात पोचेपर्यंत सात तासांचा झालेला असतो.

विद्यापीठातले गणिताचे एक प्राध्यापक एकदा भांडायला आले. मुंबईला जाताना वेळ जास्त लिहिलाय आणि येताना कमी, तर मधली पंधरा मिनिटं कुणी खाल्ली? मी म्हटलं, "सर, घाटावरून नावेने अस्सीला जाऊन बघा, आणि तसेच परत या. जाताना नावाडी घामाघूम होतो, येताना विडी ओढत बसतो. वर हवेलाही प्रवाह असतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे." सर खरंच नावेने जाऊन आले. आठवड्याने म्हणाले, "पटलं." गणिताच्या माणसाला मी काही पटवून दिल्याचा हा एकुलता एक प्रसंग. तो मी चारचौघांत इतक्या वेळा सांगितला की स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो. तिथूनच फळा आला.

एका शाळेने टाकून दिलेला भारताचा मोठा नकाशा मी भिंतीवर लावला. बाबतपूरच्या जागी टाचणी ठोकली. वडिलांच्या पेटीतलं जानव्याचं उरलेलं सूत घेतलं आणि महाराष्ट्रातल्या, माळव्यातल्या जिथे म्हणून विमानतळ आहे त्या गावापर्यंत ताणून मोजलं. मग काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने, पेंटरकडून अक्षर काढून घेऊन, लिहिलं: गाव, अंतर, वेळ. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, नांदेड, इंदूर. विमान जातं की नाही याचा रकाना केला नाही. जागा नव्हती, असं मी तेव्हा सांगत असे. खरं म्हणजे तो रकाना केला असता तर बहुतेक ओळींपुढे 'नाही' लिहावं लागलं असतं आणि फळ्याची शोभा गेली असती.

नकाशाला मध्ये सुरकुती होती, तिने पहिल्याच महिन्यात घात केला. अहिल्याबाई घाटाजवळ राहणारे इंदूरचे एक गृहस्थ फळा वाचून म्हणाले, "आमचं इंदूर साठ किलोमीटर ओढून घेतलंत की तुम्ही." मी नकाशा इस्त्री करून घेतला. हो, परटाकडे देऊन. आणि इंदूर परत जागेवर नेऊन ठेवलं.

त्यानंतर मात्र फळा बिनचूक होता. हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

आबा आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. नांदेडकडचे निवृत्त पोस्टमास्तर. बायको गेल्यावर काशीवास करायचा, शेवट इथेच, असं ठरवून आलेले. बरोबर मुलगी वसुधाताई. तिचं लग्न मोडलं होतं. त्याबद्दल ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. आमच्या दुकानापासून सात घरं सोडून दुसऱ्या मजल्यावर एक खोली त्यांनी भाड्याने घेतली. मुलगा महेश नांदेडला कॉलेजात शिकवायचा. वर्षातून एकदा, सुट्टीत, रेल्वेने यायचा.

आबा रोज गंगास्नान उरकून दुकानात येऊन बसत. पोस्टात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुठलं टपाल कुठून कसं जातं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. फळ्यावर त्यांचा फार जीव. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या आणि नांदेडशी येऊन थांबले.

"दीड तास?"

"सरळ गेलं तर, आबा."

"सरळच जाणार. वर कुठे घाट लागतोय का बोगदा." मग म्हणाले, "म्हणजे आत्ता उठलो तर जेवायला घरी."

सरळ विमान नाही हे त्यांना मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मरायला म्हणून घर सोडून आलेल्या माणसाला घर दीड तासावर आहे असं वाटलं तर कुणाचं काय बिघडतं, असा मी विचार केला. खरं सांगायचं तर इतकाही विचार केला नाही. त्यांना फळा आवडला, मला बरं वाटलं. मग ते रोजचंच झालं. आले की फळ्याकडे बघून विचारायचे, "काय भाऊ, आमचं गाव जागेवर आहे ना?" मी म्हणायचो, "आहे, आबा. दीड तासावर." तीन वर्षं हे चाललं.

तिसऱ्या हिवाळ्यात आबा जिना उतरेनासे झाले. डिसेंबरात डॉक्टर येऊन गेले आणि ताईंना दाराबाहेर बोलावून म्हणाले, "किसी को बुलाना हो तो बुला लीजिए." त्या संध्याकाळी मी आबांना बघायला गेलो होतो. आबा डोळे मिटून पडलेले. ताई स्टोव्हपाशी बसून हळू आवाजात सांगत होत्या.

"दादाचा फोन आला होता. त्याच्या पोरांच्या परीक्षा चालू आहेत. म्हणतो, आत्ता येऊन चार दिवस राहिलो आणि रजा संपली, अन् मग काही झालं तर परत सोडणार नाहीत. बाबा सारखं त्याचंच नाव घ्यायलेत. काय करू भाऊ? आत्ताच बोलवू का?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले. डोळे मिटलेलेच.

"त्याला कशाला खोळंबवता. पोरांच्या परीक्षा होऊ द्या. दीड तासाचा तर रस्ता आहे. काय भाऊ?"

मी म्हटलं, "हो तर."

आयुष्यात मी पुष्कळ चुकीची तिकिटं काढली आहेत. औरंगाबाद म्हणून भलत्याच गावाचं, नवऱ्याच्या नावापुढे श्रीमती लिहिलेलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं. प्रत्येक चूक दुरुस्त होत गेली. या दोन शब्दांना मात्र दुरुस्ती नव्हती.

जिन्यात ताईंना थांबवून खरं सांगायचं, असं मनात होतं. त्या काळात नांदेडहून दिल्लीला विमान होतं, पण आठवड्यातले मोजके दिवस. दिल्लीहून बनारसचं दुसरं विमान गाठायचं. सगळं जुळलं तर एक दिवस, न जुळलं तर दोन. त्यातून पौष महिना. सकाळी आमच्याकडे असा कोहरा पडतो की घाटाच्या वरच्या पायरीवरून खालची दिसत नाही, मग वैमानिकाला बाबतपूर काय दिसणार. हे सगळं तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला माहीत नसेल तर कुणाला असेल. पण ताई जिन्यापर्यंत आल्या त्या हसत आल्या. कितीतरी दिवसांनी. म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, तुम्ही होतात. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता." मी मनात म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या मंडळींची बावीस तिकिटं निघाली. त्यानंतर मी विसरलो. विसरलो हे खोटं नाही, पण विसरायला बरं होतं म्हणून विसरलो.

वीस-एक दिवसांनी, सकाळी साडेआठला, मी दुकान उघडतोय तर फोन वाजला. महेश.

"भाऊ, डॉक्टर म्हणाले आजचा दिवस. मी बॅग भरून तयार आहे. ते दीड तासाचं विमान किती वाजताचं असतं?"

मी कुलूप हातात धरून उभा होतो. गल्लीत कोहरा इतका की समोरचं दूधवाल्याचं दुकान नुसतं आवाजाने कळत होतं.

"महेशभाऊ, असं विमान नाही."

"आजचं नाही?"

"तसं नाहीच. दिल्लीमार्गे असतं. तेही आज नाही."

मग त्याने फक्त एवढं विचारलं, "मग मी काय करू?" शिकवणाऱ्या माणसाचा आवाज. विद्यार्थ्याने बरोबर वाटणारं उत्तर दिलं आणि ते चुकलं, तर मास्तर असाच शांत होऊन पुढचं विचारतो.

मी त्याला मोटारीने हैदराबादला निघायला सांगितलं. तिथून दुपारी बनारसला विमान होतं. त्याचं तिकीट काढलं आणि आबांच्या खोलीवर गेलो.

आबा शुद्धीत होते. ताईंनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, दादा निघाला."

"किती वाजले?"

"साडेनऊ."

आबांनी पांघरुणावर बोटं हलवली. एक, आणि अर्धं. मी तिथेच बसून होतो. ताईंनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. महेशने गाडीतून फोन केला होता. ताई आबांच्या तोंडात चमच्याने गंगाजल घालत राहिल्या. साडेदहाला आबांनी परत वेळ विचारली. अकराला विचारली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके त्यांनी मोजले असावेत, कारण अकरा वाजले तसं त्यांनी मान दाराकडे वळवली.

"आला असेल. मैदागिनला उतरला असेल," आबा म्हणाले. "गल्ली सापडेल ना त्याला?"

"सापडेल, बाबा."

त्यानंतर ते दाराकडेच बघत राहिले. बाराच्या सुमारास गेले. मान तशीच होती. ताईंनी ती सरळ केली.

आमच्या गल्लीत घरात मृत्यू झाला की मयत उठेपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. घर मोठं, त्यात पाच बिऱ्हाडं. घरमालक भला माणूस, तो खाली पायरीवर बसून राहिला. गल्लीतले चार लोक आले, गुरुजी आले. सगळे मला विचारू लागले. ताईंना नाही, मला.

"गुरु, लड़का कब तक पहुँचेगा?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर फळ्याकडे बोट दाखवून दिलं होतं. त्या दिवशी मी फोनवर फोन करत होतो. बाबतपूरला सकाळपासून एकही विमान उतरलं नव्हतं. तीन वाजता कळलं की हैदराबादचं विमान रद्द झालं. महेश तिथे पोचलेला होता. विमानतळावर बसून होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीमार्गे जागा मिळत होती.

मी वर गेलो. ताई आबांच्या पायाशी बसल्या होत्या.

"भाऊ, आज खरं सांगा."

"आज नाही येत. उद्या दुपारी. आणि उद्याही कोहरा असला तर उद्याही नाही."

त्यांनी मान हलवली. गुरुजी दारात उभे होते. म्हणाले, "थंडी आहे, उद्यापर्यंत ठेवता येईल. मुलगा आहे तर मुलाच्या हातून व्हावं." घरमालकही खालून म्हणाला, "हम लोगों की फिकर मत कीजिए, बिटिया." सगळे थांबायला तयार होते. ताई बराच वेळ आबांच्या पावलांवर हात ठेवून बसल्या आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आबांच्याच आवाजात सांगितल्यासारखं सांगितलं.

"बाबा पोस्टात असताना एक नियम होता. आलेलं टपाल त्याच दिवशी पुढे गेलं पाहिजे. कुणासाठी पिशवी अडवायची नाही. मला चार वेळा बजावून ठेवलंय त्यांनी. मी देते अग्नी."

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "दे बाळ."

चारच्या सुमारास आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून मणिकर्णिकेकडे निघालो. खांदा देणाऱ्यांत मी होतो. अंतर फार नाही. सूत लावलं तर बोटाच्या पेरापेक्षाही कमी भरेल. मला ते संपेना. घाटावर कोहरा आणि धूर यातला फरक कळत नव्हता. ताईंनी मडकं खांद्यावर घेतलं, फेऱ्या केल्या. तिसरी फेरी झाल्यावर माझ्यापाशी येऊन एकच विचारलं, "दादा आता कुठे असेल?"

"हैदराबादला. विमानतळावर."

"बसलेला असेल?"

"हो."

त्या गेल्या आणि त्यांनी अग्नी दिला.

महेश आला तो दोन दिवसांनी. दुसऱ्या दिवशीचं विमान कोहऱ्यामुळे लखनऊला उतरवलं, तिथून तो मोटारीने आला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आला, डोक्याचे केस काढलेले. मी उठून उभा राहिलो. तो मारेल तर बरं, असं मनापासून वाटत होतं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. फळ्यासमोर उभा राहिला. नागपूर, नाशिक, कोल्हापूर वाचत खाली आला आणि वडिलांसारखाच नांदेडशी थांबला.

"हे कसं काढलंत?"

मी नकाशा दाखवला. सूत दाखवलं.

"मला करून दाखवा."

मी सुताचं टोक बाबतपूरच्या टाचणीशी धरलं. दुसरं टोक त्याने स्वतः नांदेडवर धरलं, अंगठ्याने दाबून. ताणलं. मग सूत पट्टीवर ठेवलं, नकाशाचं प्रमाण बघितलं, मनात गुणाकार केला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "अंतर बरोबर आहे."

तो बाकावर बसला. आबा बसायचे त्याच जागी. बाहेर गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं.

"वसुधाने फोनवर सांगितलं होतं, दीड तास लागतो. या दीड तासाच्या भरवशावर मी वीस दिवस पेपर तपासत बसलो, भाऊ."

मी म्हटलं, "चूक माझी आहे." त्याने मान हलवली, हो म्हणून. नाही, असं काही नाही, असं म्हणाला नाही, याचे मी त्याचे उपकार मानतो.

तेरावं झाल्यावर तो ताईंना घेऊन परत जायला निघाला. तिकिटं माझ्याकडेच काढली. गल्लीत दुसरं दुकान नव्हतं. मी विचारलं, कसं जाणार. म्हणाला, "रेल्वेने. कितीही वेळ लागू दे. आता कुठे वेळेत पोचायचंय."

ताई निघताना दुकानाशी थांबल्या. मी त्यांना म्हटलं, फळा आजच पुसतो. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं बाबांना त्या ओळीने झोप लागायची, भाऊ. पुसा, पण तेवढं लक्षात ठेवा." हा दिलासा होता की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

फळा पुसला. पेंटरने रंग चांगला लावला होता, नांदेडची ओळ खरवडावी लागली. अजूनही ऊन तिरकं पडलं की तिथे खाच दिसते.

आता तिकिटं लोक मोबाइलवर स्वतःच काढतात. मी दुकान उघडतो ते सवयीने, आणि लोक येतात तेही वेळ विचारायलाच. परवाच्या त्या बाई अजून मोबाइल पुढे धरून उभ्या होत्या. एक तास अठ्ठावीस मिनिटं.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "घरात आजारी कोण आहे?"

त्यांनी मोबाइल खाली घेतला.

"सासरे. इथेच असतात, दुर्गाघाटावर. यांना जळगावहून बोलवायचं का, ते ठरत नाहीये. डॉक्टर म्हणतात, अजून आठ-पंधरा दिवस आहेत."

"फोन लावा," मी म्हटलं. "आज निघायला सांगा."